गळाच्या दोरीनें जोडलेलीं माणसें

गेल्या महिन्यांत विलायतेहून आमच्या नांवें एक पाकीट आलें. अक्षर आमच्या भाच्याचें होतें. त्याची आई, म्हणजे आमची धाकटी भगिनी, त्या वेळीं आमच्याकडेच राहावयास आली होती. तिनें उत्सुकतेनें पाकीट फोडलें, तों पत्राच्या घडींतून तिच्या मांडीवर एक किडा पडला आणि ती "अगबाई !" म्हणून उठून उभी राहिली. चष्मा लावून पाहतों तों तो किडा नव्हता. करड्या रंगाचें पीस, कसल्याशा प्राण्याचे चारदोन केंस व रेशमाचा धागा एका बारीक तारेवर गुंडाळून केलेली ती माशी होती. पंख ताठ, शेपटी तीन केंसांची. भिंतीवरील पालीनेंही फसावें इतकी ती हुबेहूब साधली होती. तारेचें टोंक मात्र कापून बोथट केलेलें होतें. पत्रांत त्याचा खुलासा होता : "सोबतची माशी आपल्या नातीनें स्वतः बांधली आहे. पाकीट आईच्या हातीं प्रथम पडेल म्हणून गळाचें टोंक मीं कापून टाकलें आहे."

पत्रांत पुढें जें लिहिलें होतें त्यानें आमची भगिनी माशीपेक्षांही अधिक दचकली. हा मुलगा नोकरीनिमित्त हँपशायर परगण्यांत विंचेस्टर शहराजवळ राहतो. शहरावरून इचिन नांवाची नदी वाहते. दोन वर्षांपासून दर शनिवारीं तो, त्याची पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, शेजारचे एक सेवानिवृत्त टपालवाले गृहस्थ, त्यांची विधवा बहीण आणि कचेरींतील दोन मित्र असा मेळा नदीवर जातो, आणि कृत्रिम माशी लावून मासे पकडतो. पकडलेला मासा ते खात नाहींत. लागलाच पाण्यांत सोडून देतात. हिंवाळ्यांत संध्याकाळीं त्या टपालवाल्यांच्या स्वयंपाकघरांत सर्वजण मिळून माशा बांधीत बसतात, आणि त्या कामांत आमच्या नातीचा हात सर्वांहून चांगला आहे, असें तिच्या बापानें मोठ्या अभिमानानें लिहिलें होतें.

"दादा," भगिनी म्हणाली, "आपल्या घरांत मुंगीला साखर घालायची रीत, आणि हा गळ टाकून बसतो ! तूंच त्याला चार शब्द लिही. तुझें तो ऐकतो."

"तुझें तो ऐकतो" हे शब्द आम्हांस कां बोंचले, तें शेवटीं सांगूं. आम्हीं पत्र लिहिण्याचें कबूल केलें खरें. (आमच्या सारस्वत वाचकांनीं येथें हंसूं नये, त्यांच्या घरीं जी रोजची गोष्ट, ती आमच्या घरीं प्रायश्चित्ताची असते.) परंतु पस्तीस वर्षें मुलांस शिकविण्यांत गेल्यामुळें, ज्या विषयाची माहिती नाहीं त्यावर रागावूं नये, एवढी एक संवय आम्हांस उशिरां कां होईना लागली आहे. भाच्यानें मागें एकदां ह्याच विषयावरील एक जुना इंग्रजी ग्रंथ आम्हांस पाठविला होता, तो फडताळांत तसाच पडून होता. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तेव्हां कोश शेजारीं घेऊन तीन आठवडे तो वाचला, व आनुषंगिक आणखीही कांहीं चाळलें. भाच्याला उपदेश करण्याजोगें कांहीं सांपडेल म्हणून वाचावयास बसलों होतों. जें सांपडलें तें आमच्याच उपयोगाचें निघालें. तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम ही विद्या काय आहे तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे गळ म्हटला कीं गांडूळ अथवा कणकेची गोळी लावलेला कांटा व त्याला बांधलेलें शिसें एवढेंच डोळ्यांपुढें येतें. शिशाच्या वजनानें गळ दूर जातो. कृत्रिम माशीस वजनच नसतें. ती पिसासारखी हलकी. म्हणून येथें दोरीच जड करितात, आणि लवचीक काठीच्या हिसक्यानें ती दोरी हवेंत मागें-पुढें खेळवून, तिच्या जोरावर माशी नेमक्या जागीं अलगद उतरवितात. पाण्यावर खरा कीटक जितक्या हळुवारपणें उतरेल तितक्याच हळुवारपणें ही उतरली पाहिजे. नाहीं तर मासा शहाणा असतो, तो तोंड लावीत नाहीं. माशीजवळची दोरी तर इतकी बारीक असते कीं मासा लागल्यावर कोणी हिसका दिला तर ती तटकन तुटते. ओढणाऱ्यास सैल सोडतां आली तरच मासा हातीं लागतो.

ह्या खेळांतला मासा बहुधा ट्राउट. थंड, स्वच्छ व वाहत्या पाण्यांत राहणारा हा मासा आपल्याकडचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं तो काश्मिरांतील व निलगिरीवरील ओढ्यांत आणून सोडला. त्याचें भक्ष्य पाण्यावरचे कीटक, आणि त्यांत मुख्य म्हणजे मे-फ्लाय. ह्या कीटकाचें चरित्र एखाद्या वैराग्यपर कीर्तनांत शोभेल असें आहे. त्याची मोठी जात एक-दोन वर्षें नदीच्या तळाशीं गाळांत अळीसारखी राहते. मग मे-जून महिन्यांत एके दिवशीं ती वर येते, कात टाकते, तिला पंख फुटतात. पंख फुटल्यावरही पुन्हां एकदां कात टाकते, आणि एक-दोन दिवसांत अंडीं घालून मरते. पंख असलेल्या अवस्थेंत तिला खाण्याजोगें तोंडच नसतें. ज्याला माशी बांधावयाची त्यानें ह्या क्षणभंगुर जिवाचें तासन् तास निरीक्षण करावें लागतें. कोणत्या महिन्यांत कोणता कीटक उडतो, त्याचा रंग कोणता, पंख मिटतो कीं उभे धरितो, हें सारें कळल्यावांचून हातांतलें पीस निरुपयोगी.

आतां त्या ग्रंथाविषयीं. 'दि कंप्लीट अँग्लर' हें त्याचें नांव. तो १६५३ सालीं लंडनांत छापला गेला. कर्ता आयझॅक वॉल्टन हा लंडनांतील कापडाचा व्यापारी. कोणा विद्यापीठाचा पदवीधर नव्हे. ग्रंथ लिहिला तेव्हां तो साठीच्या घरांत होता. देशांत राजा व पार्लमेंट ह्यांचें यादवी युद्ध होऊन राजाचा शिरच्छेद झालेला. वॉल्टन राजपक्षाचा, म्हणजे हरलेल्या पक्षाचा. घरांतलें दुःख तर त्याहून मोठें. पहिली पत्नी १६४० सालीं वारली आणि तिचें एकही मूल जगलें नाहीं. अशा माणसानें कडवट होण्यास पुरेसें कारण होतें. परंतु त्याच्या ग्रंथांत कडवटपणा औषधालाही नाहीं. एक मासेमार, एक शिकारी व एक ससाणे पाळणारा असे तिघे वाटेंत भेटतात, आपापल्या छंदाची थोरवी सांगतात, आणि शेवटीं शिकारी हा मासेमाराचा शिष्य होतो. मग दोघे नदीकांठीं हिंडतात, गाणीं ऐकतात, पाऊस आला तर झाडाखालीं बसून बोलतात. आपल्याकडील गुरुशिष्यसंवादाच्या पद्धतीचा हा ग्रंथ आहे. मात्र येथें गुरूच्या हातीं पोथीऐवजीं काठी आहे.

ह्या ग्रंथाच्या कर्त्याच्या हयातींत पांच आवृत्त्या निघाल्या. दर आवृत्तींत त्यानें भर घातली. परंतु एक उणीव त्यास स्वतःस ठाऊक होती. गांडूळ, बेडूक, किडे असलें आमिष लावून मासे पकडण्यांत तो निष्णात होता; कृत्रिम माशीच्या विद्येंत तो तितका वाकबगार नव्हता. पहिल्या आवृत्तींत माशीविषयीं जें लिहिलें तें बरेंचसें टॉमस बार्कर नांवाच्या दुसऱ्या ग्रंथकाराकडून घेतलें होतें आणि तसें त्यानें मोकळेपणीं सांगूनही टाकलें होतें. पण उसनें तें उसनेंच.

ही विद्या ज्यास खरी येत होती तो त्याचा स्नेही चार्ल्स कॉटन. डर्बीशायर व स्टॅफर्डशायर ह्यांच्या शिवेवरून डव्ह नांवाची नदी वाहते. तिच्या कांठीं बेरेस्फर्ड येथें त्याचा वडिलोपार्जित वाडा होता. कॉटन हा जमीनदार, कवि, भाषांतरकार, आणि जन्माचा कर्जबाजारी. वॉल्टन देवभीरु व मितव्ययी. कॉटनची कांहीं पद्यें तर कुटुंबांत मोठ्यानें वाचवणार नाहींत अशीं. वयांत सदतीस वर्षांचें अंतर. कॉटनच्या वडिलांशीं वॉल्टनचा स्नेह होता, म्हणजे हा मुलगा त्याच्या मांडीवर खेळण्याच्या वयाचा. अशा दोन माणसांस एकत्र बांधणारी वस्तु एकच, नदीवरची काठी. कॉटन त्यास पिता म्हणे; वॉल्टन त्यास आपला मानलेला पुत्र म्हणे. ज्याचीं पहिलीं सर्व लेकरें गेलीं त्या म्हाताऱ्याच्या तोंडीं पुत्र हा शब्द शिष्टाचाराचा नसावा, असें आम्हांस वाटतें.

पांचवी आवृत्ति निघावयाची होती तेव्हां वॉल्टन त्र्यायशींव्या वर्षांत होता. ग्रंथ तेवीस वर्षें लोकांनीं डोक्यावर घेतलेला. त्या वयांत व त्या कीर्तींत, जें आपणांस नीट येत नाहीं त्या प्रकरणावर आणखी चार ओळी लिहून दडपून देणें किती सोपें होतें ! आम्ही शिक्षक लोक हें जाणतों; वर्गांत अडलें म्हणजे आवाज चढवावयाचा, कीं मुलगा पुन्हां विचारीत नाहीं. वॉल्टननें तसें केलें नाहीं. त्यानें कॉटनला सांगितलें कीं हा भाग तूं लिही. कॉटननें दहा-बारा दिवसांत तो लिहून काढला आणि १६७६ सालीं तो वॉल्टनच्या ग्रंथाचा दुसरा भाग म्हणून त्याच बांधणींत प्रसिद्ध झाला. स्वच्छ पाण्यांत ट्राउट व ग्रेलिंग मासा माशीनें कसा पकडावा, दोरी किती बारीक असावी, कोणत्या महिन्यांत कोणत्या पिसाची माशी बांधावी, ह्याची महिन्यावार यादी त्यांत आहे. आज जे लोक माशीनें मासे पकडतात ते वॉल्टनला पितामह म्हणतात खरे, परंतु विद्या घेतली ती त्या मानलेल्या पुत्राकडून. शिष्याकडून हरण्यांत गुरूनें धन्यता मानावी असें आपण म्हणतों. त्या म्हाताऱ्यानें तें छापून दाखविलें.

कॉटननें त्याआधीं दोन वर्षें, म्हणजे १६७४ सालीं, नदीच्या कांठीं एक लहानशी दगडी कोठी बांधविली. तिच्या दारावर लॅटिन भाषेंत 'मासेमारांस समर्पित' अशा अर्थाचे शब्द आणि दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरलेलीं आहेत. ती कोठी अद्याप उभी आहे. १६७६ च्या एप्रिलमध्यें वॉल्टननें कॉटनला पत्र लिहिलें कीं, शंभराहून अधिक मैलांचें अंतर व माझें वय हीं दोन्ही विसरून मी पुढच्या महिन्यांत तुझ्या भेटीच्या यात्रेस निघतों. मोटार-आगगाडी नसलेल्या काळीं त्र्यायशींव्या वर्षीं शंभर मैल ! पुढें १६८१ सालीं कर्जापायीं कॉटनला तो वाडा विकावा लागला. वॉल्टन १६८३ च्या डिसेंबरांत, नव्वद वर्षांचा होऊन, विंचेस्टर येथें जांवयाच्या घरीं वारला. कॉटन १६८७ सालीं लंडनांत दारिद्र्यांत वारला. वॉल्टनची समाधि विंचेस्टरच्या मोठ्या देवळांत आहे, आणि तेथील रंगीत कांचांची खिडकी इंग्लंड-अमेरिकेंतील मासेमारांनीं १९१४ सालीं दिलेली आहे. आमचा भाचा राहतो तें हेंच शहर. म्हणून तर त्यानें तो ग्रंथ आम्हांस पाठविला होता.

ही झाली छंदानें माणसें जोडल्याची कथा. त्याच नदीवर, त्याच छंदानें, माणसें तुटल्याचीही एक कथा आहे, आणि ती आम्हांस अधिक शिकवून गेली.

१८७९ सालीं विंचेस्टरांतील गळाच्या सामानाच्या एका दुकानांत फ्रेडरिक हॅलफर्ड व जॉर्ज मॅरियट ह्या दोन गृहस्थांची गांठ पडली. पुढें दोघांनीं मिळून नदीवरचे कीटक पकडावे, भिंगाखालीं पाहावे, आणि तंतोतंत तशा माशा बांधाव्या, असा क्रम वर्षानुवर्षें चालविला. पाण्यावर कोरडी तरंगणारी माशी, वर आलेला मासा डोळ्यांनीं पाहून, प्रवाहाच्या उलट दिशेनें त्याच्या पुढ्यांत टाकावयाची, ही पद्धत त्यांनीं शास्त्रशुद्ध केली. १८८६ सालीं हॅलफर्डनें ग्रंथ लिहिला तेव्हां त्यावर मॅरियटचेंही नांव घालण्याची त्याची इच्छा होती. मॅरियटनें ती नाकारली. मैत्रीची ही रीतही पाहण्यासारखी आहे. परंतु दहा वर्षांनीं मॅरियट वारला. आणि पुढें हॅलफर्डच्या हातून त्या सुंदर पद्धतीचें धर्मशास्त्र झालें. तरंगती माशी तेवढी सोज्वळ, बाकी सारें अशिष्ट, असा निर्बंध त्या नद्यांवर रूढ झाला.

त्याच इचिन नदीवर स्क्यूज नांवाचे एक वकील १८८३ पासून मासे पकडीत असत. पकडलेल्या माशांचीं पोटें तपासून त्यांस आढळलें कीं मासा आपलें पुष्कळसें अन्न पाण्याखालींच खातो; वर येण्याच्या तयारींत असलेल्या पंखहीन कीटकांस तो टिपतो. मग तशीच, पाण्यांत बुडणारी माशी कां नसावी ? १९१० सालीं त्यांनीं हें ग्रंथरूपानें मांडलें. हॅलफर्डच्या अनुयायांस तो पाखंड वाटला. वाद वर्षानुवर्षें धुमसला. १९३८ सालीं लंडनांतील माशीवाल्यांच्या मंडळांत ह्या विषयावर रीतसर वादविवाद झाला. आणि त्याच वर्षीं, ऐंशीच्या उंबरठ्यावर असतां, अर्धशतकाहून अधिक काळ ज्या पाण्यावर ते उभे राहिले त्या पाण्याचा स्क्यूज ह्यांनीं निरोप घेतला. सोबत्यांशीं पटेना. १९४९ सालीं ते वारले. आज त्यांची पद्धत जगभर चालते. मासा दोन्ही माशांस तोंड लावतो. वाद घातला तो काठावरच्या माणसांनीं.

अमेरिकेंतील एक उदाहरण देतों आणि हा भाग आटोपतों. न्यूयॉर्क संस्थानांत कॅटस्किल नांवाचे डोंगर आहेत. तेथें रॉस्को ह्या खेड्यांत वॉल्ट व विनी डेट हें तरुण दांपत्य १९२८ च्या सुमारास माशा बांधण्याचा धंदा करूं पाहत होतें. त्या भागांतील एका नामांकित कारागिरास त्यांनीं विद्या मागितली. त्यानें साफ नकार दिला. तेव्हां ह्या दोघांनीं त्याच्याच माशा विकत आणल्या, एकेक धागा उलगडून त्या सोडविल्या, आणि रचना शिकून घेतली. पुढें त्यांचा मित्र हॅरी डार्बी व त्याची पत्नी एल्सी हींही त्याच कामांत निष्णात झालीं. डेट दांपत्याची मुलगी मेरी हिनेंही आईबापांशेजारीं बसून तीच कला हस्तगत केली आणि म्हातारपणापर्यंत चालविली. विद्या लपविणाऱ्यानें ती लपविली तरी पिसांनीं सांगितली. पण त्या कारागिरास दोन शिष्य मिळाले असते, ते मात्र गेले.

आमच्या भगिनीचा मुख्य आक्षेप, "हें आपल्यांतलें नव्हे," त्यासही उत्तर द्यावें लागलें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. हा तोच ग्रंथ, कीं ज्यांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात असा उल्लेख आहे, व म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो प्रिय आहे. त्यांत राजानें करावयाच्या विनोदांत 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. कोणते मासे नदींतले, कोणते समुद्रांतले, कोणास कोणतें खाद्य आवडतें, दोरी व काठी कशी असावी, हें सारें त्यांत सांगितलें आहे. वॉल्टनच्या पांचशें वर्षें आधीं ! भगिनीनें हें ऐकून घेतलें व म्हणाली, "तो राजा होता. त्याला शिकार चालते." आम्ही निरुत्तर झालों, कारण तिचें म्हणणें शास्त्राला धरून होतें.

राहिला अहिंसेचा प्रश्न. तो आम्ही टाळणार नाहीं. सोडून दिला म्हणून माशास गळ लागलाच नाहीं असें होत नाहीं. एडिंबरोजवळील रोझलिन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २००३ सालीं दाखविलें कीं ट्राउटच्या तोंडाभोंवतीं वेदना ओळखणारे मज्जातंतु आहेत. ओठास मधमाशीचें विष अथवा सिरक्याचें आम्ल टोंचलें असतां मासा खाणें सोडतो, झुलत राहतो, ओठ तळाच्या खड्यांवर घासतो. ह्याचा अर्थ काय लावावा ह्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. आम्हांस मात्र ओठ घासणारा तो मासा विसरतां येत नाहीं. ह्याविषयीं भाच्यानें पत्रांत स्वतःच लिहिलें होतें : "मामा, हें निर्दोष आहे असें माझें म्हणणें नाहीं. आम्ही बिनअणकुचीचा गळ वापरतों, हात ओले करूनच माशास धरतों, पाण्याबाहेर काढीत नाहीं. तरी तो दुखावतोच. पण आम्हीं सातजणांनीं ही नदी जितकी पाहिली तितकी गळ हातीं घेतल्यावांचून पाहिली नसती. दर महिन्यास तळांतले दगड उचलून आम्ही कीटकांची मोजदाद करतों, आणि संख्या घटली तर सरकारी अधिकाऱ्यांस कळवितों. कारण पाणी बिघडलें कीं आधीं मे-फ्लाय मरते, मासे मागाहून." आम्हांस हें उत्तर पुरें वाटत नाहीं. पण तें प्रामाणिक आहे. आणि आमच्या गांवची नदी, जिच्या पाण्यानें आम्ही संध्या करितों, तिच्या तळाशीं कोणते किडे आहेत हें आम्हीं आजवर एकदांही वांकून पाहिलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आतां तो बोंचलेला शब्द. हा मुलगा दहा वर्षांचा असतां मे महिन्याच्या सुटींत आमच्याकडे आला होता. कृष्णेच्या घाटावर आमच्या मातोश्री माशांना कणकेच्या गोळ्या टाकीत, व तो पायरीवर बसून पाहत असे. एके दिवशीं आम्ही स्नानास गेलों तों ह्यानें वेळूची काठी, शिवणाचा दोरा व वांकविलेली टांचणी घेऊन पाण्यांत गळ टाकलेला ! चार शिष्टांदेखत आम्हीं त्याच्या मुस्कटांत दिली, काठी मोडली आणि प्रवाहांत फेंकली. तो रडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "मामा, मला मासा मारायचा नव्हता. तो खालीं काय करतो तें बघायचें होतें." आम्हीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. पुढें तो आमच्याकडेच संस्कृत शिकला, उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाला. सांगितलें तें सारें त्यानें ऐकलें. पण त्या दिवसानंतर त्यानें आपण होऊन आम्हांस एकही प्रश्न विचारला नाहीं. आमच्या आज्ञाधारक भाच्याचें आम्ही लोकांपाशीं कौतुक करीत असूं. तें मौन आमच्या हातानें आलें होतें, हें कळावयास ही माशी यावी लागली.

कारण पत्राच्या शेवटीं एक ओळ होती : "मामा, मे-फ्लायला संस्कृतांत काय म्हणावें ? मुलगी विचारते, आणि मलाही जाणून घ्यावयाचें आहे."

तीस वर्षांनंतरचा तो पहिला प्रश्न. आम्हीं अमरकोश काढला. पतंग आहे, शलभ आहे, पण एका दिवसाच्या ह्या जिवाला वेगळें नांव नाहीं. इंग्रजांनीं ग्रीकावरून घेतलेल्या शास्त्रीय नांवाचा अर्थ 'एका दिवसापुरती' असा आहे. तेव्हां आम्हीं 'एकाहिका' हा शब्द सुचविला, आणि तो कां सुचविला तें सविस्तर लिहिलें. त्याखालीं त्या घाटावरच्या सकाळीं विषयीं जें लिहावयाचें तें लिहिलें. गळाविषयींचें आमचें मत बदललें नाहीं, हेंही लिहिलें. आणि ज्या दिवशीं तुला वाटेल त्या दिवशीं काठी घरीं ठेवून नुसता नदीवर जा व मला कळीव, असेंही. आज्ञा केली नाहीं.

पत्र पाकिटांत घालतांना भगिनीनें विचारलें, "चांगलें खडसावलेंस ना ?" आम्हीं तें तिच्या हातांत दिलें. तिनें तें वाचलें, घडी घातली, आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "खालीं एक ओळ माझी घाल. पोरगी पाण्यांत उभी राहते, पायांत लोंकरीचें कांहीं घालते कीं नाहीं तें विचार."

घरोघरीं मुलांचे छंद वडिलांस न पटणारे निघतात. कोणाचा गळ, कोणाचा तबला, कोणाची मोटारसायकल. न पटलें तर तसें स्पष्ट सांगावें. आम्हीही सांगितलें आहे. परंतु सांगतांना हिसका देऊं नये. ती दोरी फार बारीक असते, आणि तुटल्यावर तें आपणांस कित्येकदां तीस वर्षें समजत नाहीं.